माझी टाकी

६ जानेवारी, सोमवार
मनेआबात, म्हणजे आमच्या सभाघरात, आज मला पाणी-कमिटीचा अध्यक्ष निवडलं. एकमताने. विरोधात एक आवाज नाही. बरेच वडीलधारे तर डोळे मिटून ऐकत होते, इतके तल्लीन. घरी आल्यावर बायको म्हणाली, 'झोपले होते.' किनाईला सभेतलं कधीच काही कळलं नाही.

योजनेचं सरकारी नाव मोठं आहे: वंचित ग्रामीण वस्त्यांसाठी सुरक्षित पेयजल निधी. 'वंचित' शब्दावर मी तिथल्या तिथे हरकत घेतली. म्हटलं, या बुआरे गावाने बेटाला तीन हेडमास्तर आणि बिशपचा एक ड्रायव्हर दिला. आम्ही वंचित? कौन्सिलचा क्लार्क माझ्या कानाशी येऊन म्हणाला, 'मास्तर, त्या शब्दाचेच पैसे मिळतात.' मी हरकत मागे घेतली आणि दुरुस्ती सुचवली: 'अतिवंचित'. टाळ्या पडल्या. झोपलेले जागे झाले, एवढ्या.

संकल्प: फेब्रुवारी संपायच्या आत टाकी उभी. रोजनिशी रोज.

९ जानेवारी, गुरुवार
मधले दिवस काही घडलं नाही म्हणून लिहिलं नाही.

ताबिताचं पोट पुन्हा बिघडलं. माझी एकुलती नात, वय सात. विहिरीच्या पाण्याने होतं असं नर्स म्हणते. विहीर तशी वाईट नाही. भरतीच्या वेळी जरा खारट लागते आणि डुकरांचा गोठा फार लांब नाही, एवढंच. आम्ही याच पाण्यावर वाढलो. (जे वाढले नाहीत त्यांची आठवण आज का यावी कळत नाही. माझा धाकटा भाऊ, वगैरे.)

सूनबाई, रोतिया, दुसऱ्या बेटावरची आहे. कमी बोलते, त्यामुळे बोलली की घरात सगळे थांबतात. आज म्हणाली, 'बाबा, पावसाळा संपायच्या आत टाकीत पाणी पडलं नाही, तर मार्चअखेरच्या जहाजाने मी हिला घेऊन माहेरी जाते. तिथे टाकी आहे.' मी म्हटलं, अध्यक्षाचा शब्द आहे. ती म्हणाली, 'शब्द उकळावा लागत नाही, पाणी लागतं.'

मुलगा परदेशी जहाजावर खलाशी. तो असता तर त्याने तिला समजावलं असतं. किंवा मला.

संध्याकाळी ताबिताला झऱ्याची कविता म्हणून दाखवली. चाळीस वर्षं मी याच बेटावरच्या पोरांना झरे, दऱ्या आणि बर्फ शिकवले. बेटावर झरा नाही, दरी नाही, आणि बर्फ फक्त मासे ठेवायच्या पेटीत. पण कवितेला त्याने काय फरक पडतो. ताबिताने विचारलं, 'झरा म्हणजे काय?' म्हटलं, जे पाणी दिवसरात्र वाहतं, कधी थांबतच नाही. ती म्हणाली, 'म्हणजे माझ्या पोटासारखं.'

कवितेची गोडी तिच्यात आहे. जागवायला हवी.

१४ जानेवारी, मंगळवार
जहाज आलं. टाकी आली नाही. फलक आला.

फलक मात्र देखणा. वर आपला झेंडा, शेजारी पैसे देणाऱ्या देशांचे झेंडे, खाली 'सुरक्षित पाणी, सुदृढ गाव', आणि निळ्या थेंबात हसणारं एक बाळ. बाळ गोरं आहे. चर्चच्या मनेआबासमोर, जिथे पत्र्याचं छप्पर आहे आणि टाकी यायची आहे, तिथे आम्ही फलक रोवला. भात, मासे, कॉर्न्ड बीफ झालं. मी छोटंसं भाषण केलं. किनाई म्हणते छोटं नव्हतं.

गेल्या काही वर्षांत इमातांग लोक, म्हणजे गोरे साहेब, बऱ्याचदा येऊन गेले. आम्हाला तहान लागते का याचा अभ्यास करायला. दर वेळी आम्ही शहाळी दिली, दर वेळी त्यांनी 'फार गोड आहे' म्हटलं आणि लिहून घेतलं. पाणी जसं वाळूत मुरतं तसा पैसा अहवालात मुरतो. या खेपेला मात्र मी अध्यक्ष आहे.

२७ जानेवारी, सोमवार
आली. काळीभोर, गोल, घाट एखाद्या देवमाशासारखा. जहाजावरून सगळ्या गावाने पाण्यातून ढकलत किनाऱ्याला आणली. मी किनाऱ्यावरून मार्गदर्शन केलं.

सोबत छपराच्या पन्हळी, पाइप, तोटी, गाळायची जाळी, सिमेंट. सामान ठेवायचं कुठे असा प्रश्न निघाला. मी म्हटलं, माझ्या घराच्या मचाणाखाली. अध्यक्षाकडे नाही तर कोणाकडे? जाता-येता लोक विचारू लागले, 'मास्तर, तुमची टाकी आली म्हणे.' मी म्हणतो, 'हो, माझी टाकी आली.' ऐकायला बरं वाटतं, लपवण्यात अर्थ नाही.

उद्घाटनासाठी कविता लिहायला घेतली. शाळेतल्या चालीवरच. आरंभ असा:

हे टाकी, तू काळीसावळी, मेघांची गे बहीण धाकटी,
नभातुनी जे झरते अमृत, ते पोटी तू साठव एकटी.

'एकटी' शब्दाखाली मी स्वतः दोन रेघा ओढल्या.

३० जानेवारी, गुरुवार
काबुरे आला. किनाईचा भाऊ. बसला, नारळाचं पाणी प्यायला, सिमेंटकडे बघत राहिला. मग म्हणाला, 'दाजी, तुमचं सिमेंट नुसतं बसलंय. माझी डुकरं चिखलात बसलीत.' आणि मग तो शब्द उच्चारला: बुबुसी.

तारावाला, म्हणजे राजधानीत, शिकलेली पोरं हल्ली विसरत चालली आहेत, म्हणून लिहून ठेवतो. नातेवाइकाने बुबुसी म्हणून मागितलं की द्यायचं. होडी मागितली होडी, सदरा मागितला अंगातला सदरा. नाही म्हटलेल्या माणसाचं नाव त्याच्या नातवंडांपर्यंत पोचतं: तो बघ, ज्याच्या आजाने दोर दिला नव्हता, त्याचा नातू. मागणाऱ्यालाही आपली जरा मान खाली घालावी लागते, पण ती काबुरेची कायमच खाली असते.

मी स्वतः आयुष्यात कोणाकडे बुबुसी केली नाही. एकदाही नाही. देणाऱ्याचा हात वर असतो. बाउरो मास्तर मागत नाही, हे बेटावर सगळ्यांना माहीत आहे.

काबुरेला सिमेंट दिलं. सगळं नाही, निम्म्याहून जरा जास्त. टाकीच्या ओट्याला एवढं लागतं तरी कुठे.

३ फेब्रुवारी, सोमवार
संकल्प: यापुढे ठाम नकार. एक पाइप तोंडाशी धरून 'नाही' म्हणायचा सराव केला. पाइपातून आवाज असा घुमतो की अंगावर काटा येतो. मग त्याच पाइपातून कविता म्हणून पाहिली. पाइप तालमीपुरता घरात ठेवला आहे.

दुपारी आकोया वहिनी आल्या, थोरल्या भावाची विधवा. म्हणाल्या, 'भावोजी, तुमच्या टाकीला तोटी लागेल तेव्हा लागेल, माझ्या पिंपाला आजच लागते. बुबुसी.' मी पाइपाकडे हात नेला, पण वहिनींसमोर ते बरं दिसलं नसतं. तोटी दिली. त्यांचं पिंप फुटकं आहे हे नंतर कळलं. तोटी त्यांनी भिंतीत बसवली आहे. आल्यागेल्याला फिरवून दाखवतात.

८ फेब्रुवारी, शनिवार
काय पाऊस. पश्चिमेचा वारा, सगळं बेट पांढरंफटक. चर्चच्या छपरावरून पाण्याचे पडदे कोसळत होते, खाली पोरं नाचत होती, शेजारी वाळूवर टाकी उभी. एक थेंब आत जात नव्हता, पण दृश्य म्हणून अप्रतिम. दारात बसून दोन कडवी झाली. त्यातलं एक तर उतरलंच आहे:

तुझ्या तळाशी हसो चंद्रमा, तुझ्या मुखाशी गावो वारा,
तुझ्या रूपाने या बेटावर अवतरला हो पहिला झरा.

रोतिया भिजत बादल्या, पातेली, मासे धुवायचं टोपलंसुद्धा वळचणीखाली मांडत होती. मी तिला हाक मारून कडवं ऐकवलं. ती म्हणाली, 'बाबा, ती कविता झाकून ठेवा. साचलेल्यात डास होतात.'

माहेरी वाचनाची सवय नसावी.

१५ फेब्रुवारी, शनिवार
आठवडा धामधुमीचा. पन्हळी गेल्या. एक काबुरेच्या डुकरांना जेवायला, कारण खाली सिमेंट आल्यावर वर पन्हळ हवी असं त्याचं म्हणणं, आणि ते सुसंगत आहे. बाकीच्या चुलतभावांना. एकाने तिच्यात होडीची वल्ही ठेवली आहेत, एकाने घराच्या कडेला फुलं लावली आहेत. फुलं छान आली.

जाळी चर्चच्या कॅटेकिस्टने, म्हणजे धर्मशिक्षकाने, मागितली, पिठातले किडे चाळायला. मी विचारलं, आपलं नातं कोणत्या बाजूने? म्हणाला, 'आदमाच्या.' धर्माच्या माणसाशी वाद घालू नये.

किनाई आज भांडली. म्हणाली, 'त्यांनी मागितलं तसं तुम्ही जाऊन मागा. बुबुसी म्हणा. तेही नातेवाईकच. ते कुठे नाही म्हणणार आहेत? एका दुपारचं काम आहे.' मी तिला समजावलं की दिलेली वस्तू मागणं आणि बाउरो मास्तर, या दोन गोष्टी एका वाक्यात बसत नाहीत. ती म्हणाली, 'मग दोन वाक्यं करा.'

दुसरा मार्ग निघेल. सरकारला दुसऱ्या पन्हळी पाठवायला कळवलं आहे. म्हणजे कळवणार आहे.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार
ताबिता दवाखान्यात. काल पहाटेपासून काही पोटात ठरेना, डोळे खोल गेले. नर्सने सलाइन लावलं. शीर सापडायला फार वेळ लागला, हात एवढासा आहे. मी बाहेर बसलो होतो. आत बसवत नव्हतं, दवाखान्यात फार उकडतं.

नर्स म्हणाली, पुन्हा असं झालं तर तिला विमानाने तारावाला न्यावं लागेल, आणि विमान आठवड्यातून एकदाच, मंगळवारी येतं. 'तिने बुधवारी आजारी पडून चालायचं नाही, मास्तर,' असंही म्हणाली. मला हा विनोद आवडला नाही. विनोद नव्हता बहुतेक.

दुपारी ताबिताने डोळे उघडले आणि म्हणाली, कविता म्हणा. मला एकही आठवेना. चाळीस वर्षं शिकवणारी माणसं आम्ही. शेवटी पाढे म्हटले.

रोतियाने जहाजाच्या एजंटकडे दोघींची नावं दिली.

२२ फेब्रुवारी, शनिवार
आता हयगय नाही. उद्या रविवार, काम करता येत नाही. सोमवारपासून.

२ मार्च, रविवार
रेडिओवर निरोप: पाणी खात्याच्या अधिकारी नेई (म्हणजे श्रीमती) मारेवे पाहणीला येत आहेत. टाकी चालू असेल तर पुढचा निधी, म्हणजे बेटाच्या रुंद टोकाला जमिनीखाली असलेल्या गोड्या पाण्यावर पंप आणि तिथून गावापर्यंत नळ. चालू नसेल तर निधी दुसऱ्या गावाला. आणि टाकीसुद्धा.

गावात घबराट. लोक माझ्याकडे आले: 'मास्तर, तुमच्या टाकीचं काय?' पन्हळी असलेलेही आले. मी शांत. विचारलं, मारेवे कोणाची? कोणालाच माहीत नव्हतं. मी दुपारभर वंशावळीत डोकं घातलं. पाठांतर अजून शाबूत आहे. तिच्या आजीची आजी बुआरेची. माझ्या आजीची सख्खी बहीण. म्हणजे मारेवे माझी नात लागते.

तपासणी घरात आली. नातीला आजोबाच्या टाकीत पाणी आहे की नाही हे बघायची काय गरज? मनेआबात सगळ्यांसमोर नातं जाहीर करायचं, आणि मग काय बिशाद आहे तिची.

९ मार्च, रविवार
तयारी जोरात. डुक्कर काबुरे देणार (त्याची डुकरं सध्या बेटावरची सर्वांत स्वच्छ). डोक्यावर घालायच्या फुलांच्या माळा, पाहुणीच्या मानेवर शिंपायला सुवासिक पावडर. कविता आता तेवीस कडवी.

काबुरे म्हणाला, 'दाजी, विहिरीचं पाणी भरून ठेवू टाकीत. पिऊन कोण बघतंय?' मी त्याला खडसावलं. मी अध्यक्ष असताना फसवणूक होणार नाही. शिवाय तोटी नाही, बघणार तरी कशातून.

ताबिता हिंडती-फिरती आहे. बारीक झाली आहे, पण चेहरा तरतरीत. रोतियाने तिचे कपडे चटईत गुंडाळून बांधून ठेवले आहेत. जहाज महिनाअखेरीस. ती चटई दाराशीच का ठेवते कळत नाही, जाता-येता पायात येते.

१७ मार्च, सोमवार
दिवस मोठा. क्रमाने लिहितो.

मारेवे लहानखुरी आहे, पायात रबरी बूट. माळ घालून घेतली, पावडर लावून घेतली, जेवली. मग मनेआबात सगळे आपापल्या घराण्याच्या जागी बसल्यावर मी उभा राहिलो आणि वंशावळ सांगितली. आजीपासून आजीपर्यंत, एकही नाव न चुकता. शेवटी म्हटलं, 'ही सरकारची अधिकारी नाही. ही आमची नात आहे, माझी नात आहे, आणि आता घरी आली आहे.' म्हाताऱ्या रडल्या. मारेवेचेही डोळे भरले. तिला आजीच्या आजीचं नावसुद्धा कोणी सांगितलं नव्हतं. जिंकलो असं मला वाटलं, आणि तिथे बसलेल्या सगळ्यांनाही वाटलं.

मग कविता. नवव्या कडव्याला मारेवे उठून बाहेर गेली. मी समजलो हवा घ्यायला. तिने टाकीवर बोटाच्या पेरांनी ठोकलं. मनेआबाच्या मागच्या रांगेतही ऐकू आलं. मी आवाज चढवला, पण ती टाकी फार पोकळ आहे.

आत येऊन तिने विचारलं, 'पन्हळी कुठे आहेत?' सगळे छताकडे बघू लागले. 'तोटी?' आकोया वहिनी एकदम पंख्याने वारा घेऊ लागल्या. 'ओट्याचं सिमेंट?' काबुरेने शेजाऱ्याला विचारलं, किती वाजले.

मी उत्तर द्यायला उठलो. पण ती माझ्यासमोर येऊन खाली बसली, नातीने आजोबासमोर बसावं तशी. म्हणाली, 'आजोबा, मी बोटीत येताना काळजीतच होते. टाकी बंद दिसली तर उचलून न्यायची, असा हुकूम आहे. गावाशी भांडण झालं असतं. बरं झालं तुम्ही नातं सांगितलंत.' मी हसून मान डोलावली. मग ती म्हणाली, 'नातीची बुबुसी आहे. मला तुमचं अध्यक्षपद द्या.'

एक वृद्ध खाकरला, पण खाकरण्यापलीकडे गेला नाही. मागितलं ते मागितलं. नातं मीच उभं केलं होतं, आजीपासून आजीपर्यंत.

दिलं.

तिने ते घेतलं आणि कडेला चहाचे पेले उचलत असलेल्या रोतियाला दिलं. बाई, त्यातून परबेटाची. हरकत कोणालाच घेता येईना, कारण वस्तू आता मारेवेची होती, तिने कोणाला द्यावी तिचा प्रश्न. मारेवे म्हणाली, 'महिनाअखेरच्या जहाजापर्यंत थांबते. पाणी दिसलं तर टाकी राहील, नाहीतर ती आणि मी बरोबर जाऊ.'

आजच्या एवढं औदार्य या मनेआबाने पाहिलं नसेल. मी दमलो आहे.

१८ मार्च, मंगळवार
रोतिया सकाळीच निघाली. सुरुवात आमच्या घरापासून. माझ्यासमोर उभी राहून म्हणाली, 'बाबा, बुबुसी. तो पाइप.' मी म्हटलं, तालीम राहिली आहे. ती उभीच राहिली. दिला.

मग घरोघर. प्रत्येक दारात तेच, मान जराशी खाली, आवाज साधा: बुबुसी. वल्ह्यांखालची पन्हळ आली. फुलांची आली, फुलं दुसरीकडे लावून. डुकरांची आली, ती धुवायला काबुरेच्या पोरांना दोन तास लागले. कॅटेकिस्ट जाळी देताना म्हणाला, 'आपलं नातं?' रोतिया म्हणाली, 'तुम्हीच सांगितलंत की. आदमाकडून.' आकोया वहिनी तोटी काढताना थोड्या रडल्या, पण देण्याआधी पदराने पुसून चकचकीत करून दिली.

सिमेंट तेवढं अडलं. गोठ्याची जमीन उखडून काय उपयोग. रोतिया काबुरेला म्हणाली, 'मामा, सिमेंट राहू द्या. बुबुसी, दोन दिवस तुमचे आणि पोरांचे हात द्या.' काबुरेला एवढी महागडी मागणी आजवर कोणी केली नव्हती. तो संध्याकाळपर्यंत ओट्यासाठी रीफवरचे, म्हणजे प्रवाळखडकावरचे, दगड वाहत होता.

एका दुपारचं काम, असं किनाई म्हणाली होती. तिला सांगितलं, दुपार नाही, सगळा दिवस लागला.

रोतियाला मागायला लाज कशी वाटत नाही याचं नवल वाटतं. आमची पिढी वेगळी.

२२ मार्च, शनिवार
ओटा झाला. टाकी चढली. पन्हळी चर्चच्या छपराला.

जे होणार हे मला ठाऊक होतं, ते झालं. काबुरे हजर. 'सूनबाई, तुझ्या टाकीची एक पन्हळ जास्तीची दिसते.' मी मचाणावरून बघत होतो. म्हटलं, आता कळेल अध्यक्षपद काय असतं ते. रोतिया म्हणाली, 'टाकी माझी नाही हो मामा. मारेवेची आहे. तिच्याकडे मागा.' काबुरे मारेवेकडे गेला. ती म्हणाली, 'माझीही नाही. सरकारची आहे, तारावाला.' काबुरे बराच वेळ तारावाच्या दिशेला बघत उभा राहिला. सरकारचं आणि त्याचं कुठल्याच आजीकडून काही लागत नाही.

हे वाक्य मला सुचलं नसतं असं नाही. पण मी खोटं बोलत नाही. टाकी माझी होती.

२७ मार्च, गुरुवार
पाऊस. ढगांनी फार वाट पाहायला लावली, मग एकदम.

आजच उद्घाटन व्हावं म्हणून मी स्वच्छ सदरा घालून गेलो. रोतिया म्हणाली, उद्घाटन वगैरे नाही, पण पहिलं पाणी छपरावरची घाण घेऊन येतं, ते बाहेर सोडावं लागतं. 'ते वाहून जाईपर्यंत वेळ आहे, बाबा. म्हणा कविता.'

म्हटली. पुढे ताबिता, एक कुत्रं, आणि पन्हळीचा सांधा दाबून धरलेला काबुरे, ज्याला जाता येत नव्हतं. अकराव्या कडव्याला पाणी नितळ झालं आणि रोतियाने पाइप टाकीकडे वळवला. आत पाणी पडण्याचा आवाज सुरू झाला. मग माझं कोणी ऐकेना. खरं म्हणजे मीही थांबून तेच ऐकत होतो.

तोटीतला पहिला पेला मारेवेने बाटलीत भरून घेतला, तपासायला. दुसरा ताबिताला. ती म्हणाली, 'याला चवच नाही.' आणि अजून मागितला.

३१ मार्च, सोमवार
जहाज येऊन गेलं. मारेवे गेली. टाकी गेली नाही. पंपाचं तिने 'प्रयत्न करते' म्हटलं आहे. सरकारी प्रयत्न म्हणजे आणखी एखादा फलक येईल.

दाराशी बांधून ठेवलेली चटई रोतियाने सोडली आणि तिच्यावर मासे वाळत घातले.

१३ एप्रिल, रविवार
कोरडे दिवस लागले. टाकीवर रोज सकाळी रांग. पाणी फक्त प्यायचं, आधी पोरांचं, मग बाकीच्यांचं, असा नव्या अध्यक्षांचा नियम. माजी अध्यक्षांसाठी वेगळी व्यवस्था असावी असं मी सुचवलं होतं. किनाईने माझ्या हातात बाटली दिली.

आज रांगेत असताना तेनाको गावचे तेकारेई मास्तर सायकलवरून आले. आम्ही एका वर्षी शिक्षक झालो. त्यांची थोरली सून माझ्या चुलतबहिणीची मुलगी. सगळ्यांदेखत खांद्यावर हात ठेवून म्हणाले, 'बाउरो, तुझ्या टाकीच्या पाण्याची कीर्ती आमच्यापर्यंत आली रे. बुबुसी. मोठा कॅन आणलाय, भरून दे.'

रांगेतले सगळे माझ्याकडे बघू लागले. तोटीशी रोतिया होती, तिने मात्र वर पाहिलं नाही. ताबिताचा पेला भरत होता.

खाकरलो. सदऱ्याचं बटण लावलं.

म्हटलं, 'टाकी माझी नाही.'

तेकारेई म्हणाले, 'मग कोणाची?'

'ते मलाही नीट सांगता यायचं नाही. रांग इथून आहे. कॅन चालत नाही, बाटली आणा. आणि माझ्या मागे उभे राहा.'